जिन्यातले दिवे तीन ठिकाणांहून: प्लास्टरआधी पाइपात नेमक्या किती वायर धरायच्या?

गच्चीवाली
तळमजला, पहिला मजला आणि वर गच्ची असं बांधकाम चालू आहे. भिंतीत खाचा पाडून झाल्या, पाइप बसवायचं काम सुरू आहे, पुढच्या आठवड्यात प्लास्टर. जिन्यात दोन दिवे आहेत, एक पहिल्या मजल्याच्या छताला आणि एक गच्चीच्या दाराआधी. दोन्ही एकदमच लागावेत आणि खालून, मधून, वरून अशा तीन बोर्डांवरून चालू-बंद व्हावेत. अंतरं अशी: डीबी (घरभर वीज वाटणारी मुख्य पेटी) ते खालचा बोर्ड ४ मीटर, खालचा ते मधला ७, मधला ते वरचा ७. मधल्या बोर्डापासून पहिला दिवा ३ मीटर, वरच्या बोर्डापासून दुसरा दिवा ३ मीटर. दोन बोर्डांमध्ये दोन वायर पुरतील असं सांगितलं गेलंय. खरंच पुरतात का? आणि तिन्ही ठिकाणी टू-वे स्विचच लागतो ना?

वीजतंत्री
ताई, प्लास्टरआधी विचारलंत हे फार बरं केलंत. दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' आहे.

टू-वे स्विचला तीन टर्मिनल असतात. एक कॉमन, आणि बाकीचे दोन असे की कॉमन एका वेळी त्यातल्या एकालाच चिकटतो. वन-वेसारखं त्याला 'बंद' असं नसतंच. डीबीतून आलेला फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी वायर, खालच्या स्विचच्या कॉमनला. खालच्या स्विचच्या उरलेल्या दोन टर्मिनलमधून दोन वायर वर जातात, त्यांना इथे जोडवायरी म्हणू. त्या सर्वात वरच्या टू-वेच्या दोन टर्मिनलना. वरच्या स्विचच्या कॉमनमधून निघालेली वायर दिव्याला. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, कोणत्याही स्विचला न शिवता थेट होल्डरला. दोन्ही टोकं एकाच जोडवायरीवर असली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असली की बंद.

मधल्या जागी मात्र टू-वे चालत नाही, तिथे इंटरमीडिएट स्विच लागतो. त्याला चार टर्मिनल: खालून आलेल्या दोन जोडवायरी एका बाजूला, वर जाणाऱ्या दोन दुसऱ्या बाजूला. एका स्थितीत तो त्यांना सरळ जोडतो, दुसऱ्या स्थितीत अदलाबदल करून. एवढंच त्याचं काम. जागा कितीही वाढल्या तरी टोकांना दोन टू-वे आणि मधल्या प्रत्येक जागी एक इंटरमीडिएट. पाच जागा असतील तर दोन टू-वे, तीन इंटरमीडिएट.

दीड_स्क्वेअर
वायरींची मोजणी देतो. १.५ चौरस मिमी तांब्याची वायर धरली आहे. दिव्यांना १ ची पुरते, पण सगळ्या घरात एकच माप ठेवलं की उरलेले तुकडे कामी येतात. सर्किटला ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच.

डीबी ते खालचा बोर्ड: फेज, न्यूट्रल, अर्थ. ३ वायर.
खालचा ते मधला: जोडवायरी २, न्यूट्रल, अर्थ. ४ वायर.
मधला ते वरचा: जोडवायरी २, न्यूट्रल, अर्थ, आणि परतीची १. ५ वायर.
बोर्ड ते दिवा, दोन्हीकडे: स्विचमधून आलेली, न्यूट्रल, अर्थ. ३ वायर.

ही परतीची वायर बहुतेक वेळा विसरली जाते. दिव्याची वायर वरच्या स्विचच्या कॉमनमधून निघते, आणि पहिला दिवा तर मधल्या बोर्डाशी आहे. म्हणजे तिला वरून मधल्या बोर्डापर्यंत ७ मीटर परत यावं लागतं. पाइप बुजल्यावर हे लक्षात आलं तर मग तिथे जवळचा दुसरा फेज जोडायचा मोह होतो आणि सगळं बिघडतं.

एकूण: फेज ४ मीटर, जोडवायरी २८ (प्रत्येक रंगाची १४), दिव्याकडे जाणारी १३, न्यूट्रल २४, अर्थ २४. सगळे मिळून ९३. प्रत्येक बॉक्समध्ये वीतभर शेपूट सोडावंच लागतं, तेव्हा १०५ मीटर धरून चला.

मधला ते वरचा हा पाइप २५ मिमीचा घ्या. २० मध्येही पाच वायर जातात, पण दोन बेंड आले की ओढताना इन्सुलेशन खरवडतं.

रंग: फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. जोडवायरींना पिवळा आणि निळा, दिव्याकडे जाणारीला लालच पण टोकाला टेप गुंडाळून खूण. जोडवायर काळी किंवा हिरवी कधीच वापरू नका. दहा वर्षांनी बोर्ड उघडणारा माणूस काळ्याला न्यूट्रल समजणार आणि तिथे २३० व्होल्ट असणार.

कऱ्हाकाठ
एवढ्या वायरी कशाला? प्रत्येक बोर्डात प्लगसाठी फेज-न्यूट्रल आलेलं असतंच. दोन्ही टू-वेच्या बाजूच्या टर्मिनलना तिथलाच फेज आणि तिथलाच न्यूट्रल द्यायचा, आणि दिवा दोन्ही कॉमनच्या मध्ये लावायचा. एकीकडे फेज, दुसरीकडे न्यूट्रल आला की दिवा लागतो. आमच्या भागात जुन्या घरांत असंच आहे आणि चालतं.

ओहम
चालतं हे खरं, पण धोक्यात चालतं, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन स्विचच्या चार जुळण्या होतात. त्यातल्या दोनांत दिवा बंद: एकदा दोन्ही टोकांना न्यूट्रल, एकदा दोन्ही टोकांना फेज. म्हणजे बंद दिव्याच्या होल्डरमध्ये अर्ध्या वेळा दोन्ही पिनांवर २३० व्होल्ट उभे असतात. बल्ब बदलणारा माणूस स्विच बंद केला म्हणून निर्धास्त स्टुलावर चढतो.

दुसरं, फेज आणि न्यूट्रल एकाच स्विचच्या दोन टर्मिनलवर, मध्ये काही मिलिमीटर. संपर्क झिजले, ठिणगी लांबली की तो स्विचच्या पोटातला शॉर्टसर्किट होतो. घरगुती टू-वे दोन टर्मिनलवर एकच फेज आलटूनपालटून देण्यासाठी बनवलेला असतो.

तिसरं, दोन बोर्ड दोन एमसीबींवर असतात. एक पाडला तरी दुसऱ्याकडून होल्डरला वीज येतच राहते. आणि थ्री-फेज कनेक्शन असेल, दोन मजले दोन फेजवर असतील, तर जी स्थिती 'बंद' समजायची तिथे दिव्यावर ४०० व्होल्ट येतात. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याच्या पोटातलं वीज पुरवणारं सर्किट, तिथेच संपला.

नियम एकच: स्विचने तोडायचा तो फेज, आणि न्यूट्रल त्याच सर्किटचा, अखंड.

कऱ्हाकाठ
फेज-फेजचा मुद्दा पटला, माझा सल्ला मागे घेतो. मग ज्या घरांत आधीच असं आहे तिथे ओळखायचं कसं? आणि भिंत न फोडता दुरुस्त होतं का?

ओहम
ओळखायला बल्ब काढून मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. होल्डरच्या प्रत्येक पिनवर अर्थच्या तुलनेत किती व्होल्ट येतात ते चारही जुळण्यांत बघा. ज्या जुळणीत दिवा बंद असायला हवा तिथे दोन्ही पिनांवर २३० आले, तर हीच पद्धत. चालू होल्डरमध्ये प्रोब घालणं सवयीच्या माणसाचंच काम आहे. नसेल तर वायरमनला बोलवा.

दुरुस्ती एका स्थितीत भिंत न फोडता होते. दुसऱ्या बोर्डाला आलेला फेज-न्यूट्रल पहिल्या बोर्डातूनच, फक्त या दिव्यासाठी आला असेल तर त्या दोन वायरीच जोडवायरी करा. पहिल्या बोर्डात फेज कॉमनला द्या, दोन वायरी उरलेल्या दोन टर्मिनलना. पहिल्या कॉमनमधून दिव्याला गेलेली जुनी वायर आता न्यूट्रलला जोडा. दुसऱ्या बोर्डात काही बदलायचं नाही, तिथला कॉमन दिव्याला आहेच. काळ्या जोडवायरीच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळा. त्या दोन वायरींवर प्लग किंवा पंखाही असेल तर मात्र हे करता येत नाही, नव्या वायरी ओढाव्याच लागतात.

गच्चीवाली
मोजणीबद्दल मनापासून आभार. पाइप २५ चा सांगते. गावात दोन दुकानांत इंटरमीडिएट मागितला तर एकाने डीपी स्विच दाखवला. चार टर्मिनल आहेत, हाच तो, म्हणाला. घेऊ का?

वीजतंत्री
घेऊ नका. डीपी म्हणजे डबल पोल, गिझर-एसीसाठी. त्यालाही चार टर्मिनल असतात, पण तो एका स्थितीत दोन्ही वायरी सरळ जोडतो आणि दुसऱ्या स्थितीत दोन्ही तोडतो. मध्ये बसवला आणि कुणी बंद केला की खालून-वरून कितीही दाबा, दिवा लागणार नाही.

दुकानातच मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवून तपासा, दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. खऱ्या इंटरमीडिएटमध्ये दोन्ही स्थितींत कुठल्या तरी दोन जोड्या वाजतात, काहीच वाजत नाही अशी स्थिती नसते. चार टर्मिनलमध्ये असे दोन शोधा जे कोणत्याही स्थितीत एकमेकांशी वाजत नाहीत. ती एक बाजू, उरलेले दोन दुसरी बाजू. सगळ्या कंपन्यांची मांडणी सारखी नसते, कुठे समोरासमोर, कुठे तिरकी, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. मॉड्युलर असेल तर तुमच्या प्लेटच्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला मागवा. दुसऱ्याचा खाचेत बसत नाही.

मिळेपर्यंत काम अडवायची गरज नाही. मधल्या बॉक्समध्ये चार टोकं आणून पिवळ्याला पिवळी, निळ्याला निळी अशी कनेक्टरने जोडून ठेवा. तोवर दिवे खालून-वरून चालतील. स्विच आला की कनेक्टर काढून तो मध्ये घाला.

दीड_स्क्वेअर
पर्याय म्हणून सहा टर्मिनलचा दोन-पोल टू-वे मिळाला तरी चालतो. मधल्या दोन टर्मिनलना खालच्या जोडवायरी. एका टोकाच्या दोन टर्मिनलना वरच्या जोडवायरी, आणि तिथून दुसऱ्या टोकाच्या दोघांना तिरके दोन तुकडे, डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. मधे थांबणारा, म्हणजे तीन स्थितींचा चेंजओव्हर मात्र घेऊ नका.

दोन सुटे टू-वे शेजारी बसवून दोन्ही एकदम दाबायचे, असाही उपाय करतात. सगळा फेजचाच मामला असल्याने शॉर्ट होत नाही, पण कुणी एकच दाबला की दोन्ही जोडवायरी एका ठिकाणी येतात आणि खालच्या स्विचला काही अर्थ उरत नाही. पाहुण्यांना हे कसं कळणार?

नवा_टेस्टर
इथेच विचारतो. दोन जागांवरून चालणारा जिन्याचा दिवा आहे, ९ वॅटचा एलईडी. एका विशिष्ट स्थितीतच लागतो. वरचा स्विच खाली असेल तर खालून चालतो, वरचा वर केला की खालून काहीच होत नाही. काय तुटलं असेल?

वीजतंत्री
चार जुळण्यांपैकी दोनांत लागायला हवा, तुमचा एकाच जुळणीत लागतोय. याची कारणं दोनच. एक जोडवायर तुटली किंवा स्क्रूतून निसटली, नाहीतर एखाद्या स्विचवर कॉमनची वायर आणि जोडवायर यांची अदलाबदल झाली. लक्षण दोघांचं अगदी सारखं असतं, म्हणून बाहेरून सांगता येत नाही.

आधी चांगला चालत होता आणि आता बिघडला, तर तुटलेली वायर. नवा स्विच बदलल्यावर हे सुरू झालं, तर अदलाबदल. जुन्या पियानो स्विचमध्ये कॉमन बहुधा मधला, पण काही मॉड्युलरमध्ये तो कडेला असतो आणि जुन्या जागा बघून वायरी लावल्या की चूक होते.

एमसीबी पाडा, घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पाडलं तरी इन्व्हर्टरवरच्या दिव्यांना वीज असतेच. दोन्ही स्विच बाहेर काढा. सुट्या स्विचवर कंटिन्युटीने कॉमन शोधा: दोन्ही स्थितींत कुणाशी ना कुणाशी वाजतो तो कॉमन. मग वायरी: खाली दोन्ही जोडवायरींची टोकं एकत्र पिळा, वर मल्टिमीटर लावा. वाजलं तर वायरी शाबूत, चूक टर्मिनलची. नाही वाजलं तर वायर तुटलेली.

तीन जागांच्या जिन्यात आणखी एक लक्षण भेटतं. मधला स्विच एका स्थितीत असताना सगळं सुरळीत, दुसऱ्या स्थितीत दोन्ही टोकांचे स्विच निकामी. तिथे इंटरमीडिएटच्या बाजू चुकल्या आहेत. एका बाजूची एक आणि दुसऱ्या बाजूची एक अशी जोडी धरली गेल्याने त्या स्थितीत खालच्या दोन वायरी आपसांत जुळतात आणि पुढे काहीच जात नाही. डीपी बसवला असेल तरीही लक्षण हेच, तेव्हा आधी स्विच तपासा.

नवा_टेस्टर
नवा स्विच बसवल्यावरच सुरू झालं, म्हणजे कॉमन. अजून एक. दिवा बंद असतानाही रात्री मंद चमकतो, मधूनच लुकलुकतो. टेस्टर लावला तर 'बंद' वायरीतही लुकलुक दिसते. गळती आहे का?

ओहम
बहुतेक गळती नाही. दिवा बंद असतो तेव्हा एका जोडवायरीत फेज उभा असतो आणि दुसरी दिव्याला जोडलेली पण अधांतरी असते. दोघी एकाच पाइपातून सगळं अंतर चिकटून जातात, म्हणजे एक लांबलचक कपॅसिटरच झाला. मीटरला ५० ते १०० पिकोफॅरड धरले तर १५ मीटरला एक नॅनोफॅरडच्या आसपास. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून साधारण ७० मायक्रोअँपिअर वाहतो. साध्या बल्बला तो कळायचाही नाही, पण एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर हळूहळू भरतो, एक चमक देतो, पुन्हा भरतो. निऑनच्या टेस्टरलाही एवढा प्रवाह पुरतो, म्हणून टू-वे वायरिंगमध्ये टेस्टरवर निष्कर्ष काढू नका. साधा फिलामेंटचा टेस्ट लॅम्प लावा. तो पेटला नाही तर व्होल्टेज आभासी.

आधी मात्र खात्री करा की स्विच फेजच तोडतोय. न्यूट्रल तोडत असेल तरी हेच दिसतं आणि तो खरा दोष आहे. तो नसेल तर बल्बशी समांतर, होल्डरच्या दोन पिनांमध्ये, ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी, एक्स-२ वर्गाचा कपॅसिटर लावा. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे ३२ किलोओहम, तेव्हा त्या ७० मायक्रोअँपिअरने दिव्यावर सव्वादोन व्होल्टच उरतात आणि चमक थांबते. पंख्याचा किंवा डीसीचा कपॅसिटर चालत नाही. एक्स-२ अशासाठी की तो बिघडलाच तर पेट घेऊ नये अशा रीतीने बनवलेला असतो. स्विचमध्ये निऑन इंडिकेटर असेल तर तो काढला तरी कधीकधी काम होतं.

गच्चीवाली
आमच्याकडे दोन्ही मजल्यांना वेगवेगळे आरसीसीबी, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणारे स्विच, घ्यायचे ठरलंय. न्यूट्रल वरच्या मजल्याचा जवळ पडतो. ७ मीटर वाचतील. चालेल का?

ओहम
नाही. फेज खालच्या आरसीसीबीतून गेला आणि न्यूट्रल वरच्यातून परतला की दोघांनाही तो गळतीसारखा दिसतो. ९ वॅटचा एलईडी पॉवर फॅक्टर चांगला असला तरी सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला तेवढं पुरतं. दिवा लावला की घर अंधारात. आणि आरसीसीबी नसेल तर त्याहून वाईट: वरचा न्यूट्रल सोडवून काम करणाऱ्याच्या हातात खालच्या दिव्यातून आलेला फेज येतो. इन्व्हर्टरचंही तेच. जिन्याचे दिवे इन्व्हर्टरवर घ्यायचे असतील तर फेज त्याच्या आउटपुटचा आणि न्यूट्रलही त्याच सर्किटचा घ्या. ते ७ मीटर वाचवू नका.

सोसायटी_सचिव
सात मजली इमारतीत प्रत्येक मजल्यावरून जिन्याचे सगळे दिवे चालवायचे तर मध्ये पाच इंटरमीडिएट घालावेत का?

दीड_स्क्वेअर
होतं, पण करू नका. मधली एक वायर सैल झाली की सगळा जिना अंधारात, आणि दोष शोधायला सात बोर्ड उघडा. इथे इम्पल्स रिले वापरा. प्रत्येक मजल्यावर बेल पुश, सगळे एकमेकांना समांतर, म्हणजे पुशसाठी वर-खाली दोनच वायर. एकदा दाबलं की रिले चालू, पुन्हा दाबलं की बंद. दिव्यांचा प्रवाह रिलेच्या संपर्कातून जातो, पुशमधून नाही. घेताना दोन गोष्टी बघा. पुश अडकून राहिला तर कॉइल सतत वीज सोसणारी आहे का, आणि निऑनवाले किती पुश चालतात. निऑन जास्त झाले की रिले गुणगुणतो. दिवे चालूच राहण्याची तक्रार असेल तर त्याच पुशवर चालणारा स्टेअरकेस टायमर घ्या, ठरावीक मिनिटांनी तो स्वतः बंद करतो.

कऱ्हाकाठ
जुन्या घरात पट्टीचं वायरिंग आहे, बेडरूमच्या दाराशी एक स्विच. पलंगाशी दुसरा हवाय. दिव्याकडची वायर छतातून गेलीय, तिला हात लावायचा नाही.

वीजतंत्री
मग दादा, दोन बोर्डांमध्ये तीन वायर टाका. दाराशी वन-वे काढून टू-वे. कॉमनला कॉमन, डाव्याला डावं, उजव्याला उजवं अशी तिन्ही जोडायची. जुना फेज दाराच्या स्विचच्या डाव्या टर्मिनलला, दिव्याची जुनी वायर उजव्या टर्मिनलला. दोन्ही स्विच उलट-सुलट असले की दिवा लागेल. पट्टीत तीन वायर सहज बसतात, आणि पलंगाच्या बोर्डाला न्यूट्रल लागतच नाही. आयटीआयच्या वहीतलं गोडाऊन वायरिंग याच्याशी घोटाळू नका. तिथेही टू-वे स्विचच असतात, पण पुढे जाताना पुढचा दिवा लागतो आणि मागचा विझतो.

गच्चीवाली
सगळं लिहून घेतलं. आज पाइप बसवताना आणखी काय बघू?

दीड_स्क्वेअर
वायरी प्लास्टरनंतरच ओढा, पण आत्ता प्रत्येक पाइपात जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार घालून दोन्ही टोकं बाहेर वाकवून ठेवा, आणि बॉक्समध्ये कागदाचे बोळे कोंबा, म्हणजे सिमेंट आत जाणार नाही. मधल्या बॉक्समध्ये चार जोडवायरी, परतीची वायर, न्यूट्रल आणि अर्थचे जोड येणार, तेव्हा तो खोल घ्या आणि एक जागा मोकळी राहील असा. गच्चीचा बॉक्स दाराच्या आतल्या बाजूला, पावसाचा सडाका पोचणार नाही असा, आणि बिजागरीच्या बाजूला नको, नाहीतर उघडलेलं दार स्विचवर येईल. पाइप बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना कामाला येतो.